यीस्टचा पाळणा

मला सगळे पाळणा म्हणतात, मित्रांनो, पण माझ्यात आजवर एकही बाळ निजलेलं नाही. मी एक जुना शेकर आहे. काचेचे चंबू सतत हलवत ठेवायचे आणि हलवता हलवता त्यांना ऊब द्यायची, एवढंच माझं काम. दिसायला मी म्हणजे एक लोखंडी पेटी. वर काचेचं झाकण, आत एक रुंद ताट आणि ताटावर चंबू धरून ठेवणारे चिमटे. बटण दाबलं की माझ्या पोटातला पट्टा फिरू लागतो, ताट गोल गोल डुलतं आणि चंबूंमधलं पिवळसर पाणी काठाशी खेळत राहतं.

एका कारखान्यात पत्रे कापून, वाकवून, जोडून मला तयार केलं. रंग वाळल्यावर तिथल्या एका कामगार बाईने माझ्या ताटावर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवली आणि मला सुरू केलं. वाटीतलं पाणी सांडलं तर मी नापास. तिने श्वास रोखून धरला होता. पाणी सांडलं नाही. तिने माझ्या पाठीवर थाप मारली आणि ती पुढच्या पेटीकडे वळली. माझं पहिलं कौतुक ते.

प्रयोगशाळेत आलो तेव्हा मोठ्या बाई तरुण होत्या. प्रयोगशाळेच्या प्रमुख झाल्या नव्हत्या, चष्माही लागला नव्हता. दारातून मी आत मावेना, तेव्हा माझे पाय काढून मला आडवं आत नेलं. पहिल्यांदा चंबू डुलायला लागले तशा त्या काचेवर वाकून म्हणाल्या, "पाळणाच आहे की हा." तेच नाव पडलं.

माझ्यात कोण डुलायचं, तर यीस्ट. बेकरीतला पाव फुगतो तो याच यीस्टच्या एका गुणी जातीमुळे. पण या घराण्यात काही उपद्रवी जातीही आहेत. आमच्याकडे यायचे ते बहुतेक त्यातलेच. एकेक जीव इतका बारीक की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही. संध्याकाळी चंबूत चिमूटभर सोडावेत आणि सकाळी सगळं पाणी गढूळ व्हावं, इतकी त्यांची वाढ. एकाच्या अंगाला अंकुर फुटतो, तो मोठा होऊन वेगळा होतो, मग त्यालाही अंकुर फुटतो. आई कोण आणि लेकरू कोण हे मला कधी ओळखता आलं नाही. मी सगळ्यांना सारखाच डुलवत असे.

आता माझा गोंधळ सांगतो. मी त्यांना रात्रभर सांभाळून वाढवायचो आणि सकाळी मोठ्या बाई त्यांच्यात औषधाचे थेंब सोडायच्या. यीस्टच्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. तो शाबूत तर पेशी जिवंत. औषधाने त्या पडद्याला भोकं पडली की आतलं सगळं झिरपून जातं. भोकं पडली की नाही हे पाहायला त्या चंबूत एक रंग घालत. धडधाकट पेशी रंगाला आत घेत नाही. पडदा फाटलेल्या पेशीत मात्र तो शिरतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती लाल चमकते. समोरच्या टेबलावर हे सगळं चालायचं आणि मी काचेतून बघायचो. लाल दिसलं की खोलीत आनंद. कोणीतरी चहा मागवायचं. "पाळण्याचं काम चोख आहे हं," असं म्हणून मला फडक्याने पुसायचं.

मला काही समजत नसे. वाढवायचंही मीच आणि ती मेली की शाबासकीही मलाच. मग मी नक्की कोणाच्या बाजूचा? विचारायला तोंड नाही. म्हणून डुलत राहिलो.

बरीच वर्षं अशी गेली. माझा रंग कोपऱ्यांवर उडाला. पट्टा जुना होऊन कुरकुरू लागला. मोठ्या बाई प्रमुख झाल्या, त्यांचे केस पिकले आणि त्यांच्या हाताखाली धाकट्या बाई आल्या.

धाकट्या बाई म्हणजे काळजीचं दुसरं नाव. नळ बंद केल्यावर पुन्हा वळून बघणार. कुलूप लावल्यावर ओढून बघणार. स्वभाव गोड, काम नेटकं, पण मनात सतत धाकधूक. त्यातून एक प्रसंग घडला. त्या वेळी चंबूंच्या तोंडाला कापसाचे बोळे लावत. पावसाळी दमट हवेत ते बोळे ओलसर झाले, त्यातून कुठली तरी करडी बुरशी आत शिरली आणि सगळे चंबू नासले. कितीतरी दिवसांची मेहनत पाण्यात गेली. मोठ्या बाई तशा शांत, पण त्या दिवशी त्यांचा तोल गेला. सगळ्यांच्या देखत त्यांनी धाकट्या बाईंना असं काही फैलावर घेतलं, की शेजारच्या प्रयोगशाळेतली माणसंही दाराशी डोकावून गेली.

दुसऱ्या दिवशी धाकट्या बाईंनी फिरकीच्या झाकणांचे नवे चंबू आणले. बोळे हद्दपार. झाकण लावलं की ओठ घट्ट मिटून, हातात फडकं धरून, मनगटाची शीर फुगेपर्यंत ते आवळत. मला ते पाहून बरंच वाटायचं. किती जपतात, असं मनात यायचं.

त्याच सुमाराला रस्त्यापलीकडच्या रुग्णालयातले डॉक्टर आले. डबी त्यांनी टेबलावर ठेवली आणि खुर्ची दिली तरी बसले नाहीत. डबीत एका रुग्णाच्या रक्तातून काढलेलं यीस्ट होतं. रुग्ण म्हणजे शाळेची बस चालवणाऱ्या एक मावशी. पोटाची शस्त्रक्रिया झाली, ती नीट पार पडली, आणि नंतर हे यीस्ट रक्तात शिरलं. ताप उतरत नव्हता. नेहमीची दोन औषधं देऊन झाली होती, गुण नव्हता. एक जुनं, जालीम औषध उरलं होतं. ते थेट यीस्टचा पडदाच फोडतं. पण ते मूत्रपिंडांवरही घाव घालतं, आणि मावशींची मूत्रपिंडं आधीच थकलेली होती.

"थोड्या मात्रेत उपयोग होणार असेल तर मी धोका पत्करीन," डॉक्टर म्हणाले. "नसेल, तर उगाच त्यांची मूत्रपिंडं घालवायची नाहीत. तुम्ही बघून सांगा."

मावशींचं यीस्ट माझ्यात आलं. सोबत आमचं घरचं यीस्टही होतं. ते या औषधाने दरवेळी मरायचं, म्हणून तुलनेला ठेवत. सगळे चंबू घट्ट झाकणं लावून डुलू लागले. पाणी नेहमीपेक्षा जरा कमी गढूळ झालं, पण तिकडे कोणाचं फारसं लक्ष गेलं नाही. सकाळी औषध घातलं, मग रंग घातला. धाकट्या बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

लाल काही दिसेना. मावशींचं यीस्ट शाबूत. आणि घरचं यीस्ट, तेही शाबूत.

खरं सांगू का मित्रांनो, मला क्षणभर आनंद झाला. माझी सगळी लेकरं पहिल्यांदाच वाचली होती. पण त्या दोघींचे चेहरे पाहिले आणि माझा आनंद कुठल्या कुठे गेला. चूक काहीतरी मोठी होती, आणि ती काय हे त्यांना समजत नव्हतं, मला तर मुळीच नाही.

औषधाची बाटली जुनी असेल, असं म्हणून नवी उघडली. तेच. रंग बिघडला असेल, म्हणून नवा कालवला. तेच. मोठ्या बाई स्वतः करायला बसल्या. पण चंबू आयते तयार होते, झाकणं आवळलेली होती, त्यांनी फक्त औषध आणि रंग घातला. तेच. मावशींच्या यीस्टमुळे असं होत असेल म्हणावं, तर घरचं यीस्ट का मरत नव्हतं? टेबलावर चहाचे पेले आले तसे गार झाले. तिकडे डॉक्टर दिवसातून दोनदा विचारायला माणूस पाठवत, आणि त्याला सांगायला इकडे काही नसे.

मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

पट्टा कुरकुरतो, म्हणजे वेग कमी पडत असेल, असं कोणी म्हणालं. ऊब कमी-जास्त होत असेल, असं दुसरं कोणी म्हणालं. दुरुस्तीवाले काका आले. त्यांनी माझ्यात तापमापी ठेवून पाहिली, ताटाचे फेरे घड्याळ लावून मोजले, पोट उघडून आत बॅटरीचा उजेड पाडला. शेवटी हात पुसत म्हणाले, की आवाज करतो, पण काम बरोबर करतो. मला हायसं वाटलं. पण मोठ्या बाईंची समजूत पटली नाही. दुसरं काही सापडत नव्हतं ना. माणसाला काहीच सापडेनासं झालं, की समोर जे जुनं दिसतं त्यावर बोट जातं.

माझा वीजपुरवठा बंद केला. दोघांनी मला उचलून बाहेर, दारासमोरच्या बोळात ठेवलं, रिकाम्या खोक्यांच्या शेजारी. शेजारच्या प्रयोगशाळेतून चकचकीत नवा शेकर उसना आणला. धाकट्या बाई नुकत्याच भरलेल्या चंबूंचं ताट घेऊन त्याच्याकडे निघाल्या, तेवढ्यात एका चंबूचं झाकण दाराच्या चौकटीवर आपटलं. त्यांनी थांबून पाहिलं. झाकणाला बारीकशी चीर गेली होती. दुसरं झाकण हाताशी नव्हतं. त्यांनी नाराजीने मान हलवली आणि तो चंबू तसाच आत नेला.

मी बोळात थंड पडून होतो. इतक्या वर्षांत मी इतका थंड कधीच झालो नव्हतो. जाणारी-येणारी माणसं माझ्या काचेवर कागद, पिशव्या, एकदा तर ओली छत्री ठेवून गेली. मी आठवून आठवून पाहत होतो, माझं नेमकं काय चुकलं. लेकरं मेली तेव्हा मी चांगला होतो. ती जगली तर मी वाईट कसा झालो? मला काही उलगडा होईना.

पुढच्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेचं दार उघडंच होतं. डॉक्टर स्वतः येऊन गेले होते. उद्या सकाळी निर्णय घ्यावाच लागेल, त्यापुढे थांबणं बरं नाही, एवढं बोलून ते परतले. मोठ्या बाई खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. धाकट्या बाई सूक्ष्मदर्शकापासून उठल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"बाई, नव्या शेकरमध्येही तेच आलंय," त्या म्हणाल्या. "फक्त एक चंबू लाल आहे."

"एकच? मग त्यात काहीतरी चुकलं असेल. टाकून दे."

"मीही टाकायलाच निघाले होते." त्यांनी तो चंबू उचलून धरला. "पण बाई, तो एकटा बरोबर असेल आणि बाकीचे सगळे चुकले असतील तर?"

मोठ्या बाई वळल्या. त्या चंबूत वेगळं काय आहे, असं त्यांनी विचारलं. धाकट्या बाईंनी झाकण पुढे धरलं. त्यावरची चीर दाखवली. मग खाली बघत त्या म्हणाल्या, "बाकीची सगळी मी आवळून लावते. अगदी हात दुखेपर्यंत. तुम्ही त्या दिवशी रागावलात ना, तेव्हापासून."

मोठ्या बाईंनी हळूच खुर्ची ओढली आणि बसल्या. त्यांनी झाकण हातात घेऊन चिरेवरून बोट फिरवलं.

"हवा," त्या म्हणाल्या. "अगं, त्यांना हवाच मिळत नव्हती."

मग त्यांनी जे सांगितलं, ते मी बोळातून कान देऊन ऐकलं. यीस्टच्या पडद्यात एक चरबी असते, अर्गोस्टेरॉल नावाची. हे जालीम औषध पडद्यात घुसतं ते त्याच चरबीला धरून. ती चरबी तयार करायला यीस्टला हवा लागते. बंद चंबूत ते कसंबसं वाढत होतं, पण त्याच्या पडद्यात ती चरबीच फारशी नव्हती. औषधाला धरायला काही सापडत नव्हतं, म्हणून ते नुसतंच वरून घरंगळून जात होतं. मावशींच्या रक्तात मात्र हवेची वाण नाही. तिथे गोष्ट निराळी असणार.

धाकट्या बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आपल्यामुळे इतके दिवस वाया गेले, तिकडे ती बाई तापाने फणफणते आहे, असं काहीबाही त्या बोलू लागल्या. मोठ्या बाईंनी त्यांना हाताने थांबवलं.

"झाकण तुझ्या हाताने आवळलं गेलं," त्या म्हणाल्या, "पण तो हात मी घाबरवला होता. आता रडणं पुरे. कापूस काढ."

पुढे सगळी धावपळच झाली. कोरडा कापूस आला, बोळे वळले, भट्टीत तापवून निर्जंतुक केले. ताजे चंबू भरले. तेवढ्यात शेजारचे लोक आपला शेकर परत न्यायला आले. त्यांचंही काम अडलं होतं. मग मोठ्या बाई बोळात आल्या. माझ्या काचेवरच्या पिशव्या त्यांनी स्वतः उचलून बाजूला केल्या आणि पदराने काच पुसली.

मला आत नेलं, बटण दाबलं. थंड पडलेला पट्टा आधी नुसताच थरथरला. धाकट्या बाईंनी काचेवर हात ठेवला होता, त्यांच्या बोटांचा ओलावा मला जाणवत होता. मग एक झटका बसला आणि ताट डुलू लागलं.

सकाळी पाणी चांगलं दाट गढूळ झालेलं होतं. धाकट्या बाईंनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि बाजूला सरकून मोठ्या बाईंना जागा दिली. घरचं यीस्ट लाल. मावशींचंही लाल, अगदी थोड्या मात्रेत. त्या दिवशी चहा कोणी मागवला नाही. मोठ्या बाई अंगातला पांढरा कोट न काढताच जिना उतरल्या, आणि खिडकीतून त्या रस्ता ओलांडताना दिसल्या. इतक्या भराभर चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पुढे काय झालं ते मला कितीतरी दिवस कळलं नाही. यंत्राला कोण येऊन सांगणार? मी माझ्या जागी डुलत राहिलो. खोलीतली माणसं हसत-बोलत असत, त्यावरून वाईट काही घडलं नसावं, असा अंदाज मी बांधला होता. पण अंदाजच तो.

मग एक दिवस एक बाई दारात आल्या. अंगावरचे कपडे सैल झालेले, गळ्याची हाडं वर आलेली, पण उभं राहण्याची ढब मोठी ऐटदार. धाकट्या बाईंना त्या म्हणाल्या, की मी शाळेची बस चालवते. डॉक्टरांनी सांगितलं तुम्ही समोरच असता, म्हणून म्हटलं भेटून जावं. धाकट्या बाई लगबगीने उठल्या. त्यांनी मावशींना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि पुन्हा पाणीच दिलं.

मावशींना बसवेना. त्या खोलीभर हिंडल्या आणि माझ्यापाशी थांबल्या. यात काय आहे, असं त्यांनी विचारलं.

धाकट्या बाई घुटमळल्या. मग खरं ते सांगितलं. "यात तुमच्यातलंच यीस्ट आहे, मावशी. अभ्यासाला ठेवलंय आम्ही."

मावशी वाकल्या. त्यांच्या श्वासाने माझी काच धूसर झाली, ती त्यांनी तळव्याने पुसली आणि पुन्हा आत पाहिलं.

"मला वाटायचं काहीतरी भयंकर दिसेल," त्या म्हणाल्या. "हे तर पीठ कालवलेल्या पाण्यासारखं आहे. जिवंत आहेत?"

"आहेत."

"काय गंमत बघा. यांच्यापायी मी मरत होते, आणि यांना मी कोण ते ठाऊकही नाही." मग माझ्या पाठीवर हात ठेवून, कान तिरका करून त्या ऐकू लागल्या. "याचा पट्टा गेलाय हो. तेल घालत बसू नका, बदलूनच टाका. माझ्या बसचाही असाच ओरडायचा."

त्या गेल्यानंतर धाकट्या बाईंनी माझं झाकण उघडलं. अर्ध्या चंबूंमध्ये औषध सोडलं आणि अर्धे तसेच ठेवले, तुलनेसाठी. पुन्हा बटण दाबलं. मरणारे आणि जगणारे शेजारी शेजारी डुलू लागले. ऊब मी दोघांनाही सारखीच देत होतो. मी कोणाच्या बाजूचा, हे मला त्या दिवशीही ठरवता आलं नाही. मावशींनाही यांच्यावर रागवावं की नाही ते ठरवता आलं नसावं, असं वाटून मला जरा बरं वाटलं.

नवा पट्टा बसला आहे. मोठ्या बाई आता घरी असतात, अधूनमधून येतात. धाकट्या बाईंच्या हाताखाली आता नवी मुलं आहेत. बुरशी शिरली, काही नासलं, तर त्या आधी त्यांना बसवतात आणि मग विचारतात.

मित्रांनो, मला फारसं काही कळत नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. तरी एवढं सांगतो. जे जपायचं असेल ते जरूर जपा, पण आवळून त्याचा श्वास कोंडू नका. आणि घरातलं एखादं जुनं यंत्र कुरकुरलं, किंवा घरातलं एखादं माणूस चुकलं, तर त्याला बाहेर काढण्याआधी जवळ जाऊन थोडा वेळ हात ठेवा आणि ऐका. मी अजून सुरू आहे. तुम्ही आलात तर काचेतून खुशाल बघा, फक्त झाकणावर ओली छत्री ठेवू नका.